पाणी कुणाला, ताण कुणाला

इंग्लंडमध्ये लिहिलेली बागकामाची पुस्तकं ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या प्रकरणात बाग आवरायला सांगतात. गळलेली पानं गोळा करा, नाजूक कंद उकरून घरात घ्या, कुंड्या काचघरात हलवा, हत्यारांना तेल लावून ठेवा. ती वाचून पुण्या-नाशिकची बाग करायला निघालेला माणूस वर्षातले सगळ्यात चांगले चार महिने हातचे घालवील. दख्खनच्या पठारावर खरी पानगळ होते ती माघ-फाल्गुनात. आश्विन सरता सरता आपल्याकडे बागेचं वर्ष सुरू होतं. पावसाळ्यात बागेत जे घडतं ते बरंचसं आपल्याला न विचारता घडतं, आणि उन्हाळ्यात झाडं जगवली तरी पुष्कळ झालं. खुरपं हातात घेऊन काही ठरवायचं, तर ते दसऱ्यापासून मार्गशीर्षापर्यंत.

या दोन महिन्यांत तीन गोष्टी एकामागून एक बदलतात. पाऊस थांबतो, रात्री मोठ्या होत जातात आणि शेवटी थंडी उतरते. या हंगामातलं बागेचं प्रत्येक काम या तिन्हींपैकी कुठल्यातरी एकीला बांधलेलं आहे. कॅलेंडरच्या पानाला ते बांधलं की गडबड होते. पाऊससुद्धा आता पूर्वीच्या तारखेला जात नाही. हवामान खात्याने २०२० साली मोसमी पावसाच्या सरासरी तारखा सुधारल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस माघारी जाण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. जुन्या वेळापत्रकांत 'सप्टेंबरअखेर' म्हणून लिहिलेली कामं आठ-दहा दिवस पुढे ढकललेली बरी.

पहिलं काम मातीचं, आणि ते वाफसा आल्याशिवाय करायचं नाही. मूठभर माती दाबून तिचा गोळा करावा आणि बोटाने टिचकी मारावी. गोळा फुटला तर खुरपं घ्या, नुसताच दबला तर दोन दिवस थांबा. चार महिने पावसाचा मारा झेलून वरचा थर बसलेला असतो. ऊन पडलं की त्यावर पापडी धरते, काळ्या मातीत भेगा पडतात आणि त्या भेगांतून खालची ओल उडून जाते. वरची दोन-तीन बोटं माती हलकेच मोकळी केली की ओल वर यायची वाट तुटते. कोरडवाहू शेतकरी कोळपणीला अर्धं पाणी मानतात ते उगीच नाही. ऑक्टोबर हीटच्या तीन आठवड्यांत हे अर्धं पाणी फार उपयोगी पडतं.

कुंडीतली गोष्ट वेगळी. आश्विनात कुंडीतली झाडं फिकट, पिवळसर दिसू लागतात आणि लोक दुकानात जाऊन बाटलीबंद 'टॉनिक' आणतात. त्याआधी एक कुंडी आडवी करून झाड मातीसकट बाहेर सरकवून पाहावं. मुळं कुंडीच्या भिंतीला धरून गोल गोल फिरलेली दिसतात, तळाशी त्यांची जाळी झालेली असते आणि पाणी निघायचं भोक त्याच जाळीने बुजलेलं असतं. वरची माती आक्रसून कडेने फट पडलेली असते, म्हणजे आपण घातलेलं पाणी मुळांना न भेटता त्या फटीतून निघून जातं. त्यात पावसाने नत्र धुऊन नेलेलं. नत्राचं नायट्रेट रूप मातीच्या कणांना चिकटून राहत नाही, पाणी झिरपलं की त्याच्यासोबत खाली उतरतं. म्हणून तळाची जाळी धारदार सुरीने तासून टाकावी, कडेची मुळं सैल करावीत आणि नव्या मातीत झाड परत बसवावं. माती, कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू किंवा कोकोपीट एवढं पुरतं. त्यात मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड.

शेणखत 'कुजलेलं' म्हणजे काय, याबद्दल नर्सरीवाले फार उदार असतात. पूर्ण कुजलेल्या खताला शेणाचा वास येत नाही, मातीचा येतो. हातात ते चुरतं आणि त्यात गवताची काडी काडी म्हणून ओळखू येत नाही. कच्चं खत घातलं की त्यातून हुमणी येते. पांढऱ्या, जाड, अर्धवर्तुळात मुडपलेल्या या अळ्या मुळं खातात आणि वरचं झाड एका आठवड्यात कारण न कळता माना टाकतं. तुळशीच्या वृंदावनातली माती बदलायचीही हीच वेळ. तुळशीच्या लग्नाआधी ते काम होऊन जावं. लग्न लागलं की मंजिऱ्या खुडून बी वाळवायला ठेवावं. मंजिऱ्या झाडावरच राहू दिल्या तर तुळस लवकर थकते, तिच्या फांद्या लाकडासारख्या होतात.

तणाचा मुद्दा तारखेचा आहे. पावसाळी तणं आता फुलून बी धरण्याच्या बेतात असतात, आणि जे काही करायचं ते बी पडण्याआधी. गाजर गवत तर पुणेकरांना नवं नाही. या तणाची भारतातली सुरुवातीची नोंद १९५६ साली पुण्यातूनच झाली. एका झाडाला हजारो बिया येतात आणि त्या जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात. फुलण्याआधी, माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावं, कारण अंगाला लागून खाज आणि पुरळ उठणारी माणसं थोडी नाहीत. बी न धरलेलं बाकीचं तण मात्र फेकू नये. ते दोन दिवस वाळवून झाडांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरावं. पानगळीचा पाला आपल्याला अजून तीन महिने मिळायचा नाही. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की पाचट मिळतं, ते सगळ्यात उत्तम. आच्छादन बुंध्याला टेकवू नये, चार बोटं अंतर सोडावं.

आता छाटणी. पाऊस थांबून जमीन सावरली की ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात गुलाब छाटायला घ्यावा. आधी सुकलेल्या, रोगट, एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढायच्या. मग कलमाच्या गाठीखालून आलेले फुटवे मुळापासून ओढून काढायचे, कारण ते खुंटाचे, जंगली. राहिलेल्या जोमदार फांद्या निम्म्यावर आणायच्या. काप द्यायचा तो बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर, तिरका, डोळ्याच्या उलट बाजूला उतरता. कापलेल्या जागी फांदीचा गाभा पाहावा. पांढरा किंवा हिरवट असेल तर काम झालं. तपकिरी असेल तर आत मर आहे, आणखी खाली कापा, गाभा स्वच्छ दिसेपर्यंत. नवखी माणसं इथे हात आखडतात आणि टोकं टोकं कापतात. मग वर नुसत्या किडकिडीत काड्या फुटतात.

छाटल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत गुलाब फुलतो. त्यामुळे फुलं कधी हवीत हे आधी ठरवून छाटणीची तारीख उलटी मोजावी लागते. नाताळात फुलं हवी असतील तर छाटणी ऑक्टोबरअखेरीच्या पुढे नेऊ नये. पुण्यात एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात गुलाब मांडायचे असतील तर ती नोव्हेंबरच्या शेवटाकडे सरकते. नाशिकचा द्राक्षबागायतदार हाच हिशेब मोठ्या पैशावर करतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, अशा वर्षाला दोन. थंड देशात द्राक्षवेल हिवाळ्यात आपसूक झोपते. आपल्या उबदार हवेत ती झोपतच नाही, म्हणून तिचं वर्ष कात्रीने आखावं लागतं.

कापलेल्या जाड फांद्यांवर बोर्डो पेस्ट लावतात. तिची कथा गमतीची आहे. फ्रान्समधल्या बोर्डो भागात वाटसरू रस्त्याकडेची द्राक्षं तोडून खात, म्हणून बागवाले मोरचूद आणि चुना कालवून त्या वेलींवर शिंपडत. निळे डाग पाहून माणूस हात आखडता घेई. मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की केवडा रोगाने आतल्या वेलींची पानं गळाली तरी रस्त्याकडेच्या वेली हिरव्या आहेत. त्यावर प्रयोग करून त्याने १८८५ साली हे मिश्रण जाहीर केलं. घरी पेस्ट करायची तर एक भाग मोरचूद, एक भाग कळीचा चुना आणि दहा भाग पाणी. दोन्ही वेगवेगळी भिजवून प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र करावीत, धातूच्या भांड्यात नको. तयार पेस्टमध्ये स्वच्छ लोखंडी सुरी मिनिटभर बुडवावी. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा आहे, थोडा चुना आणखी घाला.

कात्री हातात आली की काय कापू आणि काय नको असं होतं. शेवंतीला, कुंदाला आणि आंब्याला आता अजिबात हात लावू नये. त्यांची फुलं तोंडावर आली आहेत.

शेवंतीचं तर सगळं गणित रात्रीचं आहे. पुण्यात जूनमधला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरमधला लहानात लहान अकरा तासांचा. फरक दोन-सव्वादोन तासांचाच, पण शेवंती तो अचूक ओळखते. दिवस लहान होत गेल्याशिवाय तिला कळी धरत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अॅलार्ड या दोघांनी १९२० साली हे प्रथम नीट मांडलं, तेही तंबाखूवर. त्यांच्याकडची 'मेरिलँड मॅमथ' ही जात उन्हाळ्यात नुसती उंच वाढत राही, फुलतच नसे. खत, पाणी, उष्णता सगळं बदलून पाहिल्यावर त्यांनी तिच्या कुंड्या दुपारनंतर अंधाऱ्या खोपटात न्यायला सुरुवात केली, आणि भर उन्हाळ्यात ती फुलली. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी एका रानतणावर दाखवलं, की झाड दिवसाची लांबी मोजत नाही, सलग अंधार मोजतं. लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ दिवा लावला तरी त्याच्या लेखी ती रात्र मोडते.

हे कळलं की शहरातली एक नेहमीची तक्रार सुटते. शेवंती हिरवीगार, तजेलदार, कीड नाही, खत वेळेवर, आणि कार्तिक उलटला तरी एक कळी नाही. अशा वेळी रात्री नऊ वाजता बाल्कनीत जाऊन उभं राहावं. समोर रस्त्याचा एलईडी दिवा असतो, नाहीतर सोसायटीच्या पार्किंगचा, तो थेट पानांवर पडत असतो. कुंडी उचलून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, किंवा संध्याकाळी सहाला तिच्यावर काळं कापड टाकून सकाळी काढा. काही आठवड्यांत कळ्या दिसतात. पॉइनसेटियाचंही असंच. पॉलिहाऊसवाले शेतकरी हीच गोष्ट उलट वापरतात. मध्यरात्री काही तास दिवे लावून ते शेवंती थोपवून धरतात आणि भाव असेल तेव्हा फुलवतात.

शेवंतीचे शेंडे खुडायचं काम श्रावणातच संपलं. आता एकेका रोपाला काठीचा आधार द्यावा, मोठं फूल हवं असेल तर बाजूच्या कळ्या काढून मधली ठेवावी आणि कळ्यांवर मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन टाकावा. फुलं संपल्यावर झाड उपटू नका. वीतभर ठेवून कापलं की बुडातून काश्या फुटतात. पुढच्या वर्षाची रोपं त्याच.

पेरणीत घाई करणाऱ्यांचं कोथिंबीर हसं करते. ऑक्टोबर हीटमध्ये पेरलेली कोथिंबीर उगवते कशीबशी आणि हातभर होण्याआधी फुलोऱ्यावर जाते. रात्री अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटू लागलं की पेरावी. अख्खा धणा म्हणजे दोन बियांचं फळ असतं. ते चपलेखाली किंवा विटेखाली हलकेच रगडून दोन फाका कराव्यात, रात्रभर भिजवाव्यात आणि सावलीत निथळून पेराव्यात. मेथी आणि पालक यांचं एवढं कौतुक करावं लागत नाही. गाजर आणि मुळा रोप करून लावायचे नाहीत, जागेवरच पेरायचे. मूळ एकदा दुखावलं की ते फाटे फोडतं.

लसणाला मात्र उशीर चालत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाकळी टोक वर करून लावली, तर वाढीच्या काळात तिला थंडी मिळते आणि गड्ड्याच्या पाकळ्या पडतात. थंडी हुकली की बऱ्याचदा एकाच पाकळीचा गोल गड्डा हाती येतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या गोदावरी आणि श्वेता या जाती आपल्याकडे चांगल्या येतात. बाजारातून आणलेला फार मोठा, पांढराशुभ्र लसूण लावण्यासाठी घेऊ नये, तो अनेकदा दूरच्या थंड हवेतला असतो. कोकणात हिशेब आणखी वेगळा. तिथे भातकापणी झाल्यावर खाचरातल्या उरलेल्या ओलीवरच वाल पेरतात, पाणी न देता. त्याच वालाच्या शेंगांची पोपटी रायगडात भांबुर्डीचा पाला घालून मडक्यात लावतात. अलिबागचा पांढरा कांदाही भाताच्या मागून त्याच जमिनीत येतो.

हंगामी फुलांची रोपं, म्हणजे पिटुनिया, पॅन्झी, डायंथस, फ्लॉक्स, कॅलेंडुला, दिवाळीनंतर जागेवर लावावीत. पिटुनियाचं बी धुळीसारखं बारीक. ते वाळूत मिसळून पसरावं, वर माती टाकू नये आणि पाणी ट्रेच्या खालून द्यावं. स्वीट पीचं बी रात्रभर भिजवून लावावं. घरात लहान मुलं असतील तर एक सांगणं: तिच्या शेंगा मटारसारख्या दिसतात, पण ती आपल्या लाखेच्या कुळातली आहे आणि तिचं बी विषारी असतं. तिची शेंग मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आता उरलं पाणी, आणि माझ्या मते या हंगामाचं खरं कौशल्य त्यातच आहे. छाटलेला गुलाब, कळीवरची शेवंती, नव्याने लावलेली रोपं आणि भाजीचे वाफे यांना पाणी चुकवून चालत नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून पाहावं, कोरडं लागलं तर द्यावं. द्यायचं ते सकाळी. नोव्हेंबरात संध्याकाळी पानं भिजवली तर ती रात्रभर ओली राहतात, आणि रोपं बुडाशी कुजून कोलमडतात.

दुसऱ्या बाजूला असा एक गट आहे की ज्याला या दिवसांत पाणी पाजणं म्हणजे त्याची फुलं बुडवणं. बोगनवेल, मोगरा, लिंबू, आंबा. थंड देशांत लिंबूवर्गातल्या झाडांना फुलायची खूण थंडी देते. आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही, तिचं काम तहान करते. पाणी तोडलं की नवी पालवी थांबते, पानांनी तयार केलेलं अन्न फांद्यांत साठतं आणि पुन्हा पाणी मिळताच झाड फुटतं ते फुलांनी. बागायतदारांचे हस्त, आंबे आणि मृग हे तिन्ही बहर या ताणावरच उभे आहेत. हलक्या मुरमाड जमिनीत तीन-चार आठवड्यांत ताण बसतो, भारी काळ्या जमिनीत बराच जास्त वेळ लागतो.

बोगनवेलीच्या कुंडीला पानं किंचित मलूल होईपर्यंत थांबून मगच पाणी द्यावं. रोज पाणी दिलं तर ती भिंतभर हिरवी होईल आणि रंग दिसणार नाही. मोगऱ्याचं पाणी नोव्हेंबरअखेर बंद करावं. पानं पिवळी पडून काही गळतील, घाबरू नये. महिनाभराने छाटून, खत घालून मोकळं पाणी दिलं की फाल्गुनाच्या आसपास फुलं सुरू होतात. गच्चीवर एकाच ठिबकच्या नळीवर सगळ्या कुंड्या लावून टायमर बसवणाऱ्यांची इथेच गल्लत होते. आजच कुंड्यांच्या दोन रांगा करा, एक पाण्याची, एक ताणाची, आणि ताणाच्या रांगेतली नळी काढून टाका.

हळदीची पानं पिवळी पडू लागली की तिचंही पाणी थांबवायचं. सुरणाचा दांडा कोलमडला की खणायचा.

आंब्याला कार्तिकापासून पाणी नाही, नत्राचं खतही नाही. आता पाणी मिळालं तर तांबूस पालवी फुटते, आणि ज्या फांदीवर पालवी फुटली तिला त्या वर्षी मोहर येण्याची आशा थोडीच. मोहर आल्यावरही थांबायचं. पहिलं पाणी कैरी वाटाण्याएवढी झाल्यावर.